अवटुन्यूनता : हॉर्मोन-पूरक चिकित्सेचा इतिहास

गळ्याच्या पुढील बाजूस, श्वासनालाला लागून असलेल्या अवटू ग्रंथीचा स्राव गरजेपेक्षा कमी पडू लागला म्हणजे जी विकृती उद्‌भवते तिला ‘अवटुन्यूनता’ म्हणतात. या विकृतीत चयापचय (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक आणि रासायनिक घडामोडी) मंदावतो. थकवा, थंडी सहन न होणे, त्वचा कोरडी व जाड होणे, केस गळणे, चेहरा सुजल्यासारखा दिसणे, आवाज घोगरा होणे, बद्धकोष्ठ, नाडी मंद होणे, स्त्रियांत मासिक पाळीची अनियमितता आणि विचारशक्तीचे मांद्य ही तिची प्रमुख लक्षणे होत. जन्मापासून ग्रंथी नसेल किंवा अपुरी असेल, तर मुलाची शारीरिक वाढ खुंटते व बुद्धीचा विकास होत नाही. या अवस्थेस ‘जडवामनता’ म्हणतात. ग्रंथीतून मिळेनासे झालेले हॉर्मोन बाहेरून आयुष्यभर पुरविणे हा या विकृतीवरील उपाय आहे. शरीरातील एखाद्या अंतःस्रावी ग्रंथीची उणीव (जिचा स्राव सरळ रक्तात मिसळतो अशा ग्रंथीची उणीव) औषधाने पूर्णपणे भरून काढता येते, हे प्रथम याच विकृतीत सिद्ध झाले. त्यामुळे या चिकित्सेच्या इतिहासास एकूण अंतःस्रावविज्ञानाच्या इतिहासात विशेष स्थान आहे.

विकृतीची ओळख : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अवटू ग्रंथीचे कार्य अज्ञात होते. तिच्यामुळे गळ्याला डौल येतो किंवा ती मेंदूकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाचे नियमन करते, अशा कल्पना रूढ होत्या. इंग्लंडमधील टॉमस कर्लिंग यांनी १८५० मध्ये जडवामनता असलेल्या दोन मुलांच्या शवविच्छेदनात अवटू ग्रंथीचा पूर्ण अभाव आढळल्याचे नोंदविले. परंतु त्या नोंदीचे महत्त्व त्या काळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. सर विल्यम गल (१८१६–९०) यांनी १८७३ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात प्रौढ स्त्रियांमध्ये जडवामनतेसारखी अवस्था उद्‌भवू शकते, असे पाच रुग्णांच्या आधारे दाखविले. त्यानंतर विल्यम ऑर्ड (१८३४–१९०२) यांना अशाच एका रुग्णाच्या शवविच्छेदनात त्वचेखाली बुळबुळीत, श्लेष्मल पदार्थ साचलेला आढळला. त्यावरून त्यांनी या विकृतीस ‘मिक्सीडीमा’ (श्लेष्मशोफ) हे नाव दिले. ग्रंथीची झीज झालेली त्यांनी पाहिली होती. मात्र ती विकृतीचे कारण आहे की परिणाम, हा प्रश्न अनिर्णित राहिला.

शस्त्रक्रियेतून मिळालेला पुरावा : या प्रश्नाचे उत्तर शल्यचिकित्सकांकडून, आणि तेही नकळत, मिळाले. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ प्रदेशात अन्नपाण्यातील आयोडिनाच्या कमतरतेमुळे गलगंडाचे प्रमाण फार मोठे होते. पूतिरोधक पद्धती (जंतुसंसर्ग टाळण्याच्या पद्धती) आणि रक्तस्राव थांबविण्याची सुधारलेली साधने उपलब्ध झाल्यावर तेथे गलगंड समूळ काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. बर्न येथील टेओडोर कोखर (१८४१–१९१७) हे त्यांतील सर्वांत कुशल शल्यचिकित्सक होते. जिनीव्हा येथील झाक ल्वी रेव्हेर्दां (१८४२–१९२९) यांनी १८८२ मध्ये आपल्या काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी विचित्र दुर्बलता येते, असे निदर्शनास आणले. कोखर यांनीही मग आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलावून घेतले. ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली होती अशा १८ रुग्णांची फेरतपासणी करता आली व त्यांपैकी १६ जणांत चेहऱ्यावर सूज, थंडी वाजणे, मांद्य आणि लहान मुलांत वाढ खुंटणे ही लक्षणे आढळली. ज्यांच्या ग्रंथीचा काही भाग शिल्लक राहिला होता ते मात्र निरोगी होते. कोखर यांनी हे निष्कर्ष १८८३ मध्ये बर्लिन येथील शल्यचिकित्सकांच्या परिषदेत मांडले.

या घटनेत एक विरोधाभास आहे. कोखर यांची शस्त्रक्रिया अत्यंत नेटकी असल्याने ग्रंथीचा कणही मागे राहत नसे व रुग्ण शस्त्रक्रियेतून जगून उठत. म्हणूनच ग्रंथीच्या अभावाचे दूरगामी परिणाम उघड झाले. कोखर यांनी प्रारंभी या अवस्थेचे कारण श्वासनालास पोहोचलेली इजा हे असावे असे मानले. तथापि सौम्य गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत त्यांनी सोडून दिली. अवटू ग्रंथीच्या कार्यासंबंधीच्या व तिच्यावरील शस्त्रक्रियेच्या कार्याबद्दल त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लंडन येथील फेलिक्स सेमन (१८४९–१९२१) यांनी १८८३ च्या अखेरीस श्लेष्मशोफ, जडवामनता आणि शस्त्रक्रियोत्तर दुर्बलता या तिन्हींचे मूळ एकच, म्हणजे अवटू ग्रंथीच्या कार्याचा लोप, असे प्रतिपादन केले. त्या वेळी त्यांच्या मताची उपेक्षा झाली, तरी क्लिनिकल सोसायटीने या प्रश्नाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. समितीसाठी व्हिक्टर हॉर्सली (१८५७–१९१६) यांनी माकडांची अवटू ग्रंथी काढून प्रयोग केले. समितीच्या १८८८ च्या अहवालाने सेमन यांचे मत मान्य केले.

पूरक चिकित्सेचा प्रारंभ : कारण निश्चित होताच उणीव भरून काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. मोरिट्स शिफ (१८२३–९६) यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत ग्रंथीचे अन्यत्र रोपण केल्यास प्राण्याचे रक्षण होते, असे आढळले होते. लिस्बन येथील बेतेंकूर्त व सेर्रानू या दोन वैद्यांनी १८९० मध्ये श्लेष्मशोफ झालेल्या ३६ वर्षे वयाच्या एका स्त्रीच्या त्वचेखाली मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्धा भाग बसविला. दुसऱ्याच दिवसापासून तिला उतार पडू लागला. रोपित भागात नव्या रक्तवाहिन्या निर्माण होण्यास एवढा अवधी पुरेसा नसतो. त्यामुळे गुण ग्रंथीच्या ऊतकामुळे (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहामुळे) नव्हे, तर त्यातून झिरपणाऱ्या रसामुळे आला असला पाहिजे, हे सूचित झाले.

हॉर्सली यांचे शिष्य जॉर्ज रेडमेन मरी (१८६५–१९३९) यांनी हाच विचार पुढे नेला. न्यूकॅसल येथे त्यांनी मेंढीच्या ताज्या अवटू ग्रंथीचा ग्लिसरिनातील अर्क तयार केला व १८९१ मध्ये ४६ वर्षे वयाच्या एका रुग्ण स्त्रीस तो त्वचेखाली टोचण्यास सुरुवात केली. काही महिन्यांत तिच्या चेहऱ्यावरील सूज उतरली, बोलणे स्पष्ट व जलद झाले आणि ती घरकाम करू लागली. ही स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली व १९१९ मध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी हृद्‌विकाराने मरण पावली. मरी यांनी १९२० मध्ये तिचा संपूर्ण वृत्तांत प्रसिद्ध केला. या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी वापराव्या लागल्या होत्या. ज्या विकृतीत रुग्ण काही वर्षांत खंगून मरण पावत असे, ती विकृती आयुष्यभर ताब्यात ठेवता येते याचा हा पहिला निर्णायक पुरावा होय.

अंतःक्षेपणाची (टोचण्याची) आवश्यकता लवकरच संपली. १८९२ मध्ये लंडनचे हेक्टर मॅकेंझी व प्लिमथचे ई. एल्. फॉक्स यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, ग्रंथी पोटात घेतली तरी तेवढाच गुण येतो. फॉक्स हे आपल्या रुग्णास मेंढीची अर्धी ग्रंथी किंचित परतून, बारीक करून फळांच्या मुरंब्याबरोबर आठवड्यातून एकदा देत. पुढे याच्या जागी ग्रंथी वाळवून केलेले चूर्ण व त्याच्या गोळ्या आल्या. पोटात घेतल्यावर पाचक रसांनी नष्ट न होणे हा या हॉर्मोनाचा मोठाच गुण ठरला. १९२२ मध्ये वापरात आलेले इन्शुलीन हे प्रथिन असल्यामुळे टोचावेच लागते, ही गोष्ट येथे तुलनेसाठी ध्यानात घेण्यासारखी आहे.

शुष्क ग्रंथिचूर्णाचे युग : यानंतरची सुमारे सत्तर वर्षे डुकराच्या, गुरांच्या व मेंढ्यांच्या ग्रंथींचे चूर्ण हेच मुख्य औषध होते. मात्र त्याची मात्रा ठरविणे अवघड होते. जनावराचे खाद्य, जात व ऋतू यांप्रमाणे ग्रंथीतील हॉर्मोनाचे प्रमाण बदलते. ओयगेन बाउमान (१८४६–९६) यांनी १८९५-९६ मध्ये अवटू ग्रंथीत आयोडीन असते असा शोध लावला. तेव्हापासून औषधकोशांनी चूर्णाचे प्रमाणीकरण त्यातील आयोडिनाच्या अंशावरून करण्यास सुरुवात केली. आयोडीन मोजणे म्हणजे हॉर्मोन मोजणे नव्हे. त्यामुळे एकाच मात्रेच्या दोन गोळ्यांचा परिणाम सारखा असेलच अशी खात्री नसे.

परिणाम मोजण्याची साधनेही स्थूल होती. आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी १८९५ मध्ये ग्रंथी पोटात दिल्यावर शरीराचा ऑक्सिजन-व्यय वाढतो असे दाखविले व त्यावरून विश्रांतीच्या अवस्थेतील मूलभूत चयापचय मोजण्याची कसोटी प्रचारात आली. पुढे रक्तातील प्रथिनबद्ध आयोडीन मोजण्यात येऊ लागले. या दोन्ही कसोट्या इतर अनेक कारणांनी बदलत असल्याने वैद्याला मुख्यतः नाडी, वजन, त्वचा व रुग्णाचे स्वतःचे सांगणे यांवरच अवलंबून राहावे लागे. चयापचय वाढविण्याच्या गुणामुळे हे चूर्ण निरोगी ग्रंथी असलेल्या स्थूल व्यक्तींनाही वजन उतरविण्यासाठी दिले जाई. अशा वापराने हृदयाची धडधड व अनियमितता आणि स्नायूंची झीज असे गंभीर अपाय होतात; म्हणून तो आता त्याज्य मानला जातो.

थायरॉक्सिन : अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेत एडवर्ड कॅल्व्हिन केंडल (१८८६–१९७२) यांनी २५ डिसेंबर १९१४ रोजी ग्रंथीतील क्रियाशील पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. त्यास पुढे ‘थायरॉक्सिन’ हे नाव मिळाले. सुमारे तीन टन डुकराच्या ग्रंथींपासून त्यांना केवळ ३३ ग्रॅ. पदार्थ मिळाला. केंडल यांनी सुचविलेली त्याची रासायनिक संरचना चुकीची ठरली. लंडन येथील चार्ल्स हॅरिंग्टन (१८९७–१९७२) यांनी १९२६ मध्ये योग्य संरचना निश्चित केली आणि १९२७ मध्ये जॉर्ज बार्जर यांच्या सहकार्याने थायरॉक्सिनाचे संश्लेषण (कृत्रिम रीतीने तयार करण्याची क्रिया) केले. टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून बनणाऱ्या या रेणूत आयोडिनाचे चार अणू असतात व वजनाने त्याचा सुमारे ६५ टक्के भाग आयोडिनाचा असतो. म्हणून त्यास संक्षेपाने ‘टी-४’ असेही म्हणतात.

संश्लेषण साध्य झाले तरी औषध लगेच प्रचारात आले नाही. ते महाग होते आणि अम्लरूपातील थायरॉक्सिन आतड्यातून नीट शोषले जात नसे. १९४९ च्या सुमारास त्याचे सोडियम लवण उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली. या लवणास ‘लेव्होथायरॉक्सिन सोडियम’ म्हणतात. तरीही स्वस्त व परिचित ग्रंथिचूर्ण मागे पडण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

दुसरे हॉर्मोन : जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी लंडन येथे आणि झां रॉश व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिस येथे १९५२ मध्ये स्वतंत्रपणे आयोडिनाचे तीनच अणू असलेले ट्राय-आयोडोथायरोनीन (टी-३) हे हॉर्मोन शोधून काढले. ते थायरॉक्सिनापेक्षा अधिक प्रभावी व शीघ्र क्रिया करणारे आहे. अवटू ग्रंथी जर दोन हॉर्मोने निर्माण करीत असेल, तर पूरक चिकित्सेतही दोन्ही द्यावयास हवीत असा तर्क स्वाभाविक होता. त्यानुसार १९६० नंतरच्या दशकात टी-४ व टी-३ यांचे ४ : १ प्रमाण असलेल्या कृत्रिम मिश्रणाच्या गोळ्या प्रचारात आल्या.

या तर्कास १९७० मध्ये धक्का बसला. ब्रेव्हरमन, इंगबार व स्टर्लिंग यांनी असे सिद्ध केले की, ज्यांना अवटू ग्रंथीच नाही अशा व्यक्तींना केवळ टी-४ दिले तरी त्यांच्या रक्तात टी-३ आढळते. म्हणजे यकृत, वृक्क (मूत्रपिंड) इ. ऊतकांत टी-४ मधील आयोडिनाचा एक अणू निघून टी-३ तयार होते व शरीरातील बहुतेक टी-३ याच मार्गाने येते. टी-४ हा एक प्रकारे साठा असून शरीर गरजेप्रमाणे त्याचे रूपांतर करून घेते. टी-४ चे रक्तातील अर्धायुष्य (निम्मे प्रमाण उरण्यास लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचे, तर टी-३ चे सुमारे एक दिवसाचे असते. दिवसातून एकच गोळी घेऊन रक्तातील पातळी स्थिर ठेवणे टी-४ मुळे शक्य होते. टी-३ ची पातळी मात्र दर मात्रेनंतर चढते व उतरते. या शोधानंतर केवळ लेव्होथायरॉक्सिन देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

मापनातील क्रांती : सॉलोमन बर्सन व रोझॅलिन यॅलो यांनी १९५९-६० मध्ये विकसित केलेल्या प्रारण प्रतिरक्षा आमापन पद्धतीमुळे (किरणोत्सर्गी द्रव्य व प्रतिपिंड यांच्या साहाय्याने अतिसूक्ष्म राशी मोजण्याच्या पद्धतीमुळे) हॉर्मोने प्रत्यक्ष मोजता येऊ लागली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६५ नंतर याच पद्धतीने पोष ग्रंथीतून स्रवणारे अवटू-उद्दीपक हॉर्मोन (टीएसएच) मोजले जाऊ लागले. रक्तातील टी-४ थोडेही कमी झाले तर पोष ग्रंथी हे उद्दीपक हॉर्मोन कित्येक पटींनी अधिक स्रवते. टी-४ वाढल्यास ते कमी होते. त्यामुळे ते पूरक मात्रेचे अत्यंत संवेदनशील निदर्शक ठरले. या कसोटीवर तपासता पूर्वी दिली जाणारी दररोज २०० ते ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा बहुतेकांना जास्त होत होती, असे दिसून आले. आता ग्रंथीचे कार्य पूर्ण थांबलेल्या प्रौढास शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला सुमारे १·६ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारणतः १०० ते १२५ मायक्रोग्रॅम, मात्रा पुरते. जास्त मात्रेने उतारवयात हृदयाच्या अलिंदांचे अनियमित स्पंदन व अस्थींची विरलता संभवते.

कारणांविषयीचे ज्ञानही याच काळात वाढले. जपानमधील हाकारू हाशिमोतो (१८८१–१९३४) यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या ग्रंथिविकारात शरीर स्वतःच्याच अवटू ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, हे १९५६ मध्ये रॉइट, डोनिआक व सहकाऱ्यांनी दाखविले. जेथे आहारात आयोडीन पुरेसे आहे, तेथे प्रौढांतील अवटुन्यूनतेचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. आयोडीनयुक्त मिठाने गलगंड टळतो. परंतु या प्रकारात पूरक हॉर्मोनाला पर्याय नाही.

नवजातांची चाचणी : जन्मजात अवटुन्यूनतेत वेळेस सर्वाधिक महत्त्व आहे. जन्मतः बहुतेक अर्भके निरोगी दिसतात आणि लक्षणे स्पष्ट होईपर्यंत मेंदूची हानी झालेली असते. ती नंतर औषधाने भरून येत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात झां द्यूसो यांनी १९७४ मध्ये शोषकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून सर्व नवजातांची तपासणी सुरू केली व ही पद्धत अनेक देशांत पसरली. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केल्यास मुलाची वाढ व बुद्धी सर्वसाधारण राहते. एकेकाळी असाध्य समजल्या गेलेल्या मतिमंदत्वाच्या एका कारणाचे अशा रीतीने निर्मूलन शक्य झाले.

चालू वाद : रक्तातील पातळी योग्य असूनही काही रुग्णांना थकवा, विस्मरण व उदासीनता जाणवत राहते. लिथ्युएनियातील बुनेव्हिचुस व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३३ रुग्णांत ५० मायक्रोग्रॅम टी-४ ऐवजी १२·५ मायक्रोग्रॅम टी-३ दिल्यास मनःस्थिती सुधारते, असे प्रसिद्ध केले व संयुक्त चिकित्सेचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. २००६ मध्ये अकरा चाचण्यांतील १,२१६ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात मात्र संयुक्त चिकित्सा सरस आढळली नाही. टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर करणाऱ्या एंझाइमातील आनुवंशिक भेदांमुळे काही थोड्या व्यक्तींना तिचा लाभ होत असावा, असा विचार पुढे आला आहे. तो अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. अमेरिकन थायरॉइड ॲसोसिएशनने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लेव्होथायरॉक्सिन हेच प्रमाण औषध मानले आहे. ग्रंथिचूर्णास काही रुग्ण आजही पसंती देतात. डुकराच्या ग्रंथीत टी-४ व टी-३ यांचे प्रमाण सुमारे ४ : १ असते, तर मानवी ग्रंथीच्या स्रावात ते सुमारे १४ : १ असते, म्हणून चूर्ण ‘नैसर्गिक’ असले तरी मानवी स्रावाशी जुळणारे नाही. असे असले तरी रुग्णाची तक्रार केवळ रक्ताच्या अहवालावरून निकालात काढणे योग्य नव्हे. रक्तक्षय, निद्राविकार, जीवनसत्त्वांची उणीव इ. अन्य कारणांचा शोध घेणे आवश्यक असते.

उलट बाजूने, टीएसएच किंचित वाढलेले पण टी-४ प्राकृत असलेल्या सर्वांनाच औषध द्यावे काय, हाही प्रश्न आहे. ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवरील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सौम्य अवस्थेत औषधाने लक्षणांत फरक पडला नाही. गर्भवती स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे. गर्भाच्या मेंदूची वाढ प्रारंभी मातेच्या हॉर्मोनावर अवलंबून असल्याने औषध घेणाऱ्या स्त्रीची मात्रा गर्भारपणी बहुधा वाढवावी लागते व ते सुरुवातीसच करणे हितावह असते.

औषध घेण्याची रीत : गोळी रोज ठराविक वेळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर व न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घेतात. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या तिचे शोषण रोखतात. त्यांत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. मात्रा बदलल्यावर रक्तातील नवी पातळी स्थिर होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. त्यापूर्वी तपासणी केल्यास दिशाभूल होते. वृद्ध व हृद्‌विकारी रुग्णांत अल्प मात्रेने सुरुवात करून ती सावकाश वाढवितात. अधिवृक्क ग्रंथीचीही उणीव असल्यास ती आधी भरून काढणे अनिवार्य असते. बरे वाटू लागले म्हणून औषध आपणहून बंद केल्यास लक्षणे काही आठवड्यांत परततात.

भारतातील स्थिती : भारतात हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश गलगंडासाठी पूर्वापार प्रसिद्ध होता. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून केलेल्या आयोडीनयुक्त मिठाच्या प्रयोगावर पुढील राष्ट्रीय धोरण आधारले गेले व १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या साहाय्याने अवटू विकारांचे निदान व उपचार यांत मोलाचे कार्य केले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोवा यांसह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत १०·९५ टक्के व्यक्तींत अवटुन्यूनता आढळली.  लेव्होथायरॉक्सिनाची गोळी आता स्वस्त असून खेड्यापाड्यांतही मिळते. तथापि प्रत्येक नवजात अर्भकाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन तपासणी करण्याची पद्धत देशात सार्वत्रिक झालेली नाही. या विकृतीत औषधाच्या शोधास शतकाहून अधिक काळ लोटला असला, तरी ते योग्य वेळी योग्य बालकापर्यंत पोहोचविण्याचे काम अपुरेच राहिले आहे.